प्रश्न बंद झाला, खाते गोठले : अपील नेमके कशावर करावे?

तापीकाठ (यावल तालुका) · रविवार, रात्री ९.४०

सर्व सदस्यांना नमस्कार. घरची साडेचार एकर जमीन, त्यात दोन एकर केळी, आणि तालुक्याच्या रस्त्यावर ठिबकच्या साहित्याचे लहानसे दुकान, एवढाच माझा व्याप आहे. हा धागा केळीविषयी नसून केळीविषयी विचारलेल्या एका प्रश्नाचे पुढे जे झाले त्याविषयी आहे. तरी सुरुवात केळीपासूनच करावी लागेल.

यंदाच्या मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत) जी-नाईन या वाणाची सुमारे ३,४०० रोपे पाच बाय पाच फुटांवर लावली. सातव्या आठवड्यात, पावसाची झड लागलेली असताना, चाळीसेक रोपांच्या पानांवर शिरांना समांतर पिवळे पट्टे दिसू लागले आणि दोन-चार रोपांचा पोंगा (मधला कोवळा गाभा) सडला. शेतीविषयक प्रश्नोत्तरांच्या एका संकेतस्थळावर (नाव मुद्दाम देत नाही, मला त्यांची बदनामी करायची नाही) मी त्याच रात्री प्रश्न टाकला. हा सीएमव्ही (केळीवरचा विषाणूजन्य रोग) आहे की अन्नद्रव्याची कमतरता, फवारणी कशाची घ्यावी, रोपवाटिकेकडे भरपाई मागता येते काय आणि पीकविम्यात हे बसते काय, असे सगळे मी एका दमात विचारले. पाऊण तासात प्रश्न बंद झाला; कारण म्हणून ‘व्याप्ती फार मोठी’ एवढे तीन शब्द. मी तोच मजकूर नवे शीर्षक देऊन पुन्हा टाकला, तर तो ‘दुबार’ म्हणून बंद झाला. तेव्हा माझा तोल गेला आणि मी खाली लिहिले की, पंख्याखाली बसून केळीचे प्रश्न बंद करणाऱ्यांनी एकदा चिखलात उतरून दाखवावे. दहा मिनिटांत माझे खाते सात दिवसांसाठी गोठवण्यात आले.

अपिलाची सोय असल्याचे त्यांच्या नियमावलीत लिहिलेले आहे आणि त्यासाठीचा एक रकाना खाते गोठले असतानाही उघडतो. परंतु त्या रिकाम्या रकान्यासमोर बसल्यावर काय लिहावे हे मला सुचेना. ज्यांनी असे अपील केले आहे, किंवा दुसऱ्या बाजूला बसून अशी अपिले वाचली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पांझराकाठ (धुळे) · रविवार, रात्री ११.०५

तापीकाठ भाऊ, मी दुसऱ्या एका प्रश्नोत्तर स्थळावर सहा वर्षांपासून विनामोबदला नियंत्रकाचे काम करतो. म्हणजे तुमच्या भाषेत मी पंख्याखालचाच माणूस झालो. राग मानत नाही, कारण आमच्या घरी पंखाही भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे फिरतो.

तुम्ही जे सांगितले त्यात एक नव्हे, तीन निर्णय आहेत आणि तुम्ही मनात त्या तिन्हींची एकच मोट बांधलेली आहे. मूळ प्रश्न बंद झाला हा पहिला निर्णय, आणि तो तुमच्या मजकुरावर आहे. तोच प्रश्न दुसऱ्यांदा टाकल्यावर तो दुबार ठरवून बंद केला हा दुसरा. तो मला तरी बरोबर वाटतो, कारण बंद झालेला प्रश्न दुरुस्त करायचा असतो, नव्या नावाने पुन्हा आणायचा नसतो. खाते गोठवले हा तिसरा, आणि तो तुमच्या वागण्यावर आहे. पहिल्यावर अपील होऊ शकते. दुसऱ्यावर अपील करून वेळ घालवू नये. तिसऱ्याविषयी काय लिहायचे ते पहिल्या अपिलात मिसळू नये, कारण ते मिसळले की वाचणाऱ्याचे सगळे लक्ष त्या पंख्याकडेच जाते आणि केळी मागे राहते.

आतून हे काम कसे दिसते तेही सांगतो. रात्री जेवण आटोपून मी रांग उघडतो तेव्हा तिथे तीस-चाळीस नोंदी थांबलेल्या असतात. त्यांत जाहिराती, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतून जसेच्या तसे उतरवलेले प्रश्न, कोणी कोणाला दिलेल्या शिव्या आणि मधूनच एखादे अपील असते. बहुतेक अपिलांत मूळ प्रश्नाचा दुवासुद्धा दिलेला नसतो. ‘माझ्यावर अन्याय झाला आहे’ एवढ्यावरून कोणता प्रश्न, कोणी बंद केला, कोणत्या कारणाने, हे मला हुडकत बसावे लागते आणि तोवर माझी सहानुभूती अर्धी सरलेली असते.

उलट एक अपील माझ्या कायमचे लक्षात राहिले आहे. आमच्या एका नियंत्रकाने, जे मूळचे केळीच्या पट्ट्याबाहेरचे आहेत, ‘कांदेबागेला खताचा हप्ता कधी द्यावा’ हा प्रश्न उचलून कांदा-लसणाच्या विभागात नेऊन ठेवला आणि तिथे तो असंबद्ध म्हणून बंद झाला. विचारणाऱ्या गृहस्थांनी दोनच ओळी लिहिल्या : ‘कांदेबाग म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी, तिचा कांद्याशी संबंध नाही. प्रश्न केळीच्या विभागात परत हलवावा ही विनंती.’ पाच मिनिटांत काम झाले. नियंत्रकाला जे ठाऊक नव्हते ते त्यांनी सांगितले आणि काय करून हवे तेही सांगितले. अपिलात याहून अधिक सहसा लागत नाही.

तुमच्या प्रश्नाचा मूळ मजकूर येथे चिकटवता आला तर पाहतो.

नमुना-सहा (अमळनेर) · सोमवार, सकाळी ७.१५

माझी हयात महसूल खात्यात गेली, त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीत फेरफारच (जमिनीच्या हक्कनोंदीतला बदल) दिसतो. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. परंतु पांझराकाठ यांनी जे सांगितले ते आमच्याकडे जुन्या लोकांना चांगले समजते. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, संबंधितांना नोटीस काढतो, कोणाची हरकत आली तर ती तंट्याच्या नोंदवहीत जाते, मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकून नोंद मंजूर किंवा नामंजूर करतो, आणि त्यावर ज्याचे समाधान होत नाही तो महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २४७ अन्वये ६० दिवसांच्या आत प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करतो. प्रांतासमोर उभा राहून ‘मंडळ अधिकारी उर्मट आहे’ असे सांगणारा पक्षकार मी पुष्कळदा पाहिला आहे. त्याचे अपील त्या वाक्याने एक इंचही पुढे सरकत नाही. ‘मला नोटीसच मिळाली नाही, ही पाहा पोचपावती, यावर माझी सही नाही’ असे म्हणणाऱ्याचे मात्र साहेब मान वर करून ऐकतात.

तथापि एक बाब संकेतस्थळवाल्यांनाही सुनावली पाहिजे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ७(८) असे सांगते की, अर्ज फेटाळताना अधिकाऱ्याने फेटाळण्याची कारणे, किती मुदतीत अपील करता येईल आणि ते कोणाकडे करायचे, या तिन्ही गोष्टी त्याच पत्रात कळवल्या पाहिजेत. ‘व्याप्ती फार मोठी’ या तीन शब्दांत यांतले काय आले? कारणाचे नाव आले, कारण आले नाही. ज्याला कारण कळलेले नाही त्याने अपील करायचे म्हणजे अंधारात ढेकूळ भिरकावण्यासारखे आहे. तापीकाठ यांचा तोल गेला तो चूकच. पण तो जाण्याची सोय कोणी केली तेही पाहावे.

तापीकाठ · सोमवार, दुपारी १.३०

नाना, तुम्ही माझ्या मनातले बोललात. परंतु प्रांत हा मंडळ अधिकाऱ्याहून वेगळा माणूस असतो. येथे ज्याने माझा प्रश्न बंद केला तोच माझे अपील उघडून वाचणार असेल, तर दुवा दिला काय आणि गोड लिहिले काय, फरक पडेल असे मला वाटत नाही. शिवाय त्याचे नावही दिसत नाही. नुसते ‘नियंत्रक’ असे येते.

गिरणाकाठची (चाळीसगाव) · सोमवार, दुपारी ३.५०

दादांची ही शंका रास्त आहे, आणि मोठ्या स्थळांनी तिचे काय केले हे पाहण्यासारखे आहे. मी संगणक प्रणाली लिहिण्याचे काम घरून करते आणि स्टॅक ओव्हरफ्लो या त्याच कामाच्या प्रश्नोत्तर स्थळावर माझेही पाच-सात प्रश्न बंद झालेले आहेत, त्यामुळे ती वाट मला पाठ आहे.

२००८ मध्ये सुरू झालेल्या त्या स्थळावर प्रश्न बंद करण्याचा अधिकार प्रामुख्याने नियंत्रकांकडे नसून ३,००० गुण मिळवलेल्या सामान्य सदस्यांकडे आहे आणि त्यांतल्या तिघांची मते पडली की प्रश्न बंद होतो. पुन्हा उघडण्यासाठीही तशीच तीन मते लागतात. निवडून आलेला नियंत्रक एकट्याच्या मताने बंद करू शकतो किंवा उघडू शकतो. त्याचप्रमाणे एखाद्या विषयात सुवर्ण बिल्ला मिळवलेला सदस्य त्या विषयातला प्रश्न एकट्याने दुबार ठरवू शकतो. प्रश्नकर्त्याने बंद प्रश्नात सुधारणा केली की तो पुनर्विचाराच्या वेगळ्या रांगेत जाऊ शकतो आणि तिथे तो बहुधा दुसऱ्याच सदस्यांच्या नजरेखालून जातो. म्हणजे तिथे खरे अपील हे अर्ज लिहून होत नाही, प्रश्न दुरुस्त करून होते. दुरुस्तीनंतरही तो उघडला नाही तर ‘मेटा’ नावाच्या स्वतंत्र विभागात त्याविषयी उघडपणे विचारता येते.

खाते गोठवले जाते तेव्हा सदस्याला नियंत्रकांकडून खासगी संदेश येतो, त्याला त्या काळातही उत्तर देता येते आणि ते उत्तर त्या स्थळाच्या सर्व नियंत्रकांना दिसते. विकिपीडियाची पद्धत याहूनही स्पष्ट आहे. इंग्रजी विकिपीडियावर रोध घातलेला (लिहिण्यास बंदी केलेला) सदस्य स्वतःच्या चर्चापानावर रोध काढण्याची विनंती लिहू शकतो आणि ती, रोध घालणाऱ्याखेरीज दुसऱ्या प्रचालकाने (तिथल्या नियंत्रकाने) तपासावी असा संकेत आहे. आपल्या मराठी विकिपीडियावर सार्वजनिक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ असे नाव दिलेले आहे, ते मला फार आवडते.

एवढे असूनही लोक रुसतात, आणि केवळ नवखेच रुसतात असे नाही. जून २०२३ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या नियंत्रकांनीच कंपनीविरुद्ध संप केला होता, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेली उत्तरे हटवण्याच्या त्यांच्या अधिकारावर कंपनीने मर्यादा आणल्या होत्या. ५ जूनला सुरू झालेला तो संप ऑगस्टमध्ये मिटला. निर्णय देणाऱ्यांनाही वरच्या निर्णयावर दाद मागावी लागते, हे त्या वेळी साऱ्यांनी पाहिले.

सातपुडा-पायथा (शहादा) · सोमवार, सायंकाळी ६.२०

मला या सगळ्याचे प्रयोजन समजत नाही. स्थळ फुकट, उत्तर देणारे फुकट, बंद करणारेही फुकट. ज्या माणसाच्या बागेत चाळीस झाडे पिवळी पडली आहेत त्याने अपिलाचा मसुदा करत बसावे की जळगावच्या केळी संशोधन केंद्रात पान घेऊन जावे? तापीकाठ, तुमचे अपील मंजूर होईपर्यंत मावा पुढच्या ओळीत गेलेला असेल.

तापीकाठ · सोमवार, रात्री ८.१०

आप्पा, पान घेऊन मी शुक्रवारीच जाऊन आलो आणि आमच्या कृषी सहायकांनाही बाग दाखवली. तो सीएमव्हीच आहे, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात. रोगट झाडे उपटायला घेतलेली आहेत. पण आमच्या शिवारात त्याच आठवड्यात आणखी सहा जणांनी मला हाच प्रश्न फोनवर विचारला. मोबाइलवरच्या गटात सांगितलेले उत्तर दुसऱ्या दिवशी ‘शुभ सकाळ’च्या चित्रांखाली गाडले जाते. तिथे त्या स्थळावर ते राहिले असते आणि पुढच्या पावसाळ्यात सावद्याच्या किंवा रावेरच्या कोणाला शोधताच सापडले असते. मला उत्तर मिळाले, प्रश्न मात्र अजून बंदच आहे, आणि माझी खंत तेवढीच आहे.

सातपुडा-पायथा · सोमवार, रात्री ८.३५

हे कारण मला पटले. मागचे शब्द परत घेतो.

ओवी-जात्यावरची (सावदा) · मंगळवार, सकाळी १०.४५

येथे माझाही एक अनुभव नोंदवते, कारण तो तापीकाठ दादांच्या अनुभवाहून वेगळ्या जातीचा आहे. अशाच एका स्थळावर एका आजींच्या घरगुती उपायाविषयी मी उत्तर लिहिले होते आणि त्यात आजींचे बोलणे त्यांच्या तोंडी होते तसेच, लेवा गणबोलीत (आमच्या भागातल्या बोलीत), अवतरणात दिले होते. आमच्याकडे ‘ळ’ चा ‘य’ होतो. डोळा तो डोया, काळा तो काया आणि केळी ती केयी. एका नियंत्रकांनी आधी ‘केयी’चे ‘केली’ केले, त्यामुळे ‘केयीवर मावा पडला’ हे वाक्य ‘केलीवर मावा पडला’ असे होऊन बसले आणि वाचणाऱ्यांना ही केली कोण असा प्रश्न पडला. मी ते पूर्ववत केले, तेव्हा ‘अशुद्ध लेखन’ या कारणाने संपूर्ण उत्तरच हटवण्यात आले.

मी अपील केले. बोली म्हणजे अशुद्ध मराठी नव्हे, हे सांगताना मी बहिणाबाई चौधरींचे उदाहरण दिले, त्यांच्या नावाने जळगावात विद्यापीठ आहे हेही लिहिले. उत्तर आले की, ‘प्रमाण मराठीतच लिहावे असा नियम आहे.’ म्हणजे त्यांनी नियम बरोबर लावला होता. चुकीचा होता तो नियमच. अशा वेळी अपिलाचा उपयोग काय, हे पांझराकाठ दादांनी सांगावे.

पांझराकाठ · मंगळवार, दुपारी १२.३०

ताई, तुमचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत अवघड आहे आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. अपिलात एवढेच तपासले जाते की, आहे तो नियम तुमच्या मजकुराला लागू पडतो की नाही. नियम बदलायचा असेल तर त्याची वाट वेगळी, लांब आणि सार्वजनिक आहे. त्यासाठी चावडीवरच यावे लागते. तुम्ही अपिलात नियमाविरुद्ध युक्तिवाद केलात आणि अपील वाचणाऱ्याला नियम बदलण्याचा अधिकारच नव्हता. मात्र तुमच्याकडे एक मुद्दा त्या नियमाच्या आतलाही होता, तो राहून गेला. तुमचे उत्तर प्रमाण मराठीतच होते. बोली होती ती अवतरणात, दुसऱ्याच्या तोंडी. ‘नियम उत्तराच्या भाषेला आहे, उद्धृत केलेल्या बोलण्याला नाही’ असे म्हटले असते तर कदाचित ऐकले गेले असते. आताही लिहून पाहावे. नियम बदलण्याची मागणी सार्वजनिक विभागात स्वतंत्रपणे मांडावी आणि तिथे ‘केली’चा किस्सा अवश्य सांगावा, दहा परिच्छेदांचे काम तो एकटा करील.

कोर्ट-चौक (जळगाव) · मंगळवार, सायंकाळी ५.१०

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण ‘मी यांना कोर्टात खेचतो’ असे लिहिणारे सदस्य दर आठवड्याला भेटतात. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मध्यस्थ संस्थांनी (म्हणजे इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या अशा स्थळांनी) तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध करायचा असतो. तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत (२०२१ च्या मूळ नियमांत १५ दिवस) ती निकाली काढायची असते. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने त्यावर तक्रार अपील समितीची पायरी आली, जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा तीन समित्या स्थापन केल्या, आणि अधिकाऱ्याचा निर्णय हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर आणखी एक बंधन आहे : स्वतःहून मजकूर काढताना त्यांनी वापरकर्त्याला आधी कळवून कारणे द्यायची आणि त्याला आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी द्यायची असते.

युरोपात हे अधिक कडक आहे. डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे पूर्णपणे लागू झाला असून, लहान कंपन्या वगळता इतर मंचांना निर्णयानंतर किमान सहा महिने अंतर्गत तक्रारीची सोय ठेवावी लागते आणि त्या तक्रारींचा निकाल केवळ यंत्रावर सोपवता येत नाही.

हे सगळे सांगूनही माझा सल्ला असा आहे की, ‘व्याप्ती फार मोठी’ म्हणून बंद झालेला केळीचा प्रश्न घेऊन कोणी दिल्लीच्या समितीकडे जाऊ नये. ज्या स्थळावर पुढेही वावरायचे आहे तिथल्या माणसांशी आधी तिथल्याच पायरीवर बोलावे. मजकूर काढल्यामुळे खरोखर नुकसान झाले असेल, बदनामी होत असेल किंवा वर्षानुवर्षांचे लेखन एका रात्रीत नाहीसे केले असेल, तर गोष्ट वेगळी.

तापीकाठ · मंगळवार, रात्री ९.५५

सर्वांचे वाचून मसुदा केला आहे. कृपया निःसंकोचपणे चिरफाड करावी.

‘महोदय, मी गेली अठरा वर्षे केळी पिकवत आहे. माझा प्रश्न कोणतेही कारण न देता बंद करण्यात आला. याहून कितीतरी व्यापक प्रश्न आपल्या स्थळावर खुशाल चालू आहेत. शेतकऱ्यांच्या प्रश्नांना अशी वागणूक मिळणे हे दुर्दैवी आहे. तरी प्रश्न पुन्हा उघडावा व खात्यावरील बंदी उठवावी. माझ्या टिप्पणीने कोणाचे मन दुखावले असल्यास दिलगीर आहे.’

पांझराकाठ · मंगळवार, रात्री १०.४०

चिरफाड मागितलीत म्हणून करतो. ‘कोणतेही कारण न देता’ हे खरे नाही. तीन शब्दांचे का होईना, कारण दिलेले आहे, आणि अपिलातले पहिलेच विधान खोटे निघाले की पुढचे कोणी विश्वासाने वाचत नाही. ‘याहून व्यापक प्रश्न चालू आहेत’ हे वाक्य मी रोज वाचतो आणि त्याचा परिणाम फार तर एवढाच होतो की मी जाऊन तेही बंद करतो. तुमचा उघडत नाही. अठरा वर्षांचा अनुभव अपिलात नको, प्रश्नात हवा, कारण अन्नद्रव्याची कमतरता तुम्ही पूर्वी पाहिलेली आहे आणि हे त्याहून वेगळे दिसते, ही माहिती उत्तर देणाऱ्याच्या उपयोगाची आहे. ‘मन दुखावले असल्यास’ यातला ‘असल्यास’ काढावा. दुखावले आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

आणखी एक अडचण आहे. खाते गोठलेले असल्यामुळे तुम्हाला प्रश्न दुरुस्त करता येणार नाही. म्हणून सुधारलेला प्रश्न अपिलातच लिहून द्यावा. उघडणाऱ्याने तो नुसता उचलून ठेवायचा, त्याचे काम जितके कमी तितके तुमचे काम लवकर.

नमुना-सहा · बुधवार, सकाळी ६.५०

पांझराकाठ यांच्या दुरुस्त्या मान्य आहेत. फक्त अपिलात एक ओळ राहू द्यावी की, बंद करण्याच्या कारणासोबत ‘एका वेळी एकच प्रश्न विचारावा’ असा खुलासा असता तर दुरुस्ती त्याच दिवशी झाली असती. ती तक्रार नव्हे, सूचना आहे. तसेच खाते गोठवण्याआधी माणसाला एकदा ताकीद द्यावी आणि त्याचे ऐकून घ्यावे, या मतावर मी ठाम आहे. सात दिवस म्हणजे काही फाशी नव्हे, तरीही.

पांझराकाठ · बुधवार, सकाळी ९.२०

नाना, सूचनेची ओळ जरूर ठेवावी. ताकीदीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. भांडण पेटलेले असताना प्रत्येकाचे म्हणणे ऐकत बसले तर तोवर आणखी चार जण त्यात उतरतात. आधी थांबवावे, मग ऐकावे. पण ऐकणारा दुसरा असावा. यावर आपले एकमत होईल असे दिसत नाही.

तापीकाठ · बुधवार, दुपारी २.१५

दोन वेगवेगळे संदेश पाठवले. पहिला असा :

‘माझा प्रश्न (दुवा सोबत) “व्याप्ती फार मोठी” या कारणाने बंद झाला. त्यात रोगाची ओळख, फवारणी, भरपाई आणि विमा असे चार स्वतंत्र विषय होते, हे मला मान्य आहे. खाते गोठलेले असल्याने मला तो दुरुस्त करता येत नाही, म्हणून सुधारित मजकूर येथे देत आहे. शीर्षक : मृगबागेतील सात आठवड्यांच्या केळीच्या पानांवर शिरांना समांतर पिवळे पट्टे; हा सीएमव्ही आहे की अन्नद्रव्याची कमतरता, हे बागेतच कसे ओळखावे? मजकूर : जी-नाईन, ऊतिसंवर्धित रोपे, अंतर पाच बाय पाच फूट, ३,४०० पैकी सुमारे ४० रोपे बाधित. बाधित रोपे एका ओळीत नसून बागेत विखुरलेली आहेत. पट्टे कोवळ्या पानांवर अधिक ठळक आहेत, काही रोपांचा पोंगा सडला आहे. शेजारच्या शेतात काकडीचा वेल आहे. पूर्वी पाहिलेल्या कमतरतेत पूर्ण ओळी फिकट पडत असत, तसे येथे नाही. दोन छायाचित्रे जोडली आहेत. इतर तीन विषय मी यातून वगळले आहेत. एक सूचना : बंद करताना “एका वेळी एकच प्रश्न विचारावा” असा खुलासा दिसला असता तर मी त्याच रात्री दुरुस्ती केली असती.’

दुसरा संदेश दोनच वाक्यांचा : ‘मी नियंत्रकांना उद्देशून लिहिलेली टिप्पणी अपमानकारक होती, त्याबद्दल क्षमा मागतो. दुबार प्रश्नाबाबत माझी तक्रार नाही.’ बंदी उठवण्याची मागणी केली नाही. मागावीशी वाटत होती, पण पांझराकाठ भाऊंचा ‘असल्यास’ आठवला आणि हात आवरला.

ओवी-जात्यावरची · शुक्रवार, सकाळी ११.००

माझ्या दुसऱ्या अपिलाला अद्याप उत्तर नाही. सार्वजनिक विभागात मात्र ‘केली’चा किस्सा टाकला आहे, त्यावर एका अहिराणी भाषक सदस्यांनी लिहिले की, त्यांच्या उत्तरातला ‘डोया’ कोणीतरी ‘डोसा’ करून टाकला होता.

तापीकाठ · शनिवार, रात्री ८.०५

कळवण्यास आनंद होतो की प्रश्न उघडला आहे. उत्तर दुसऱ्या नियंत्रकांकडून आले, तीन ओळींचे. सुधारित मजकूर त्यांनी स्वतः मूळ प्रश्नाच्या जागी ठेवला. टिप्पणी नियमाविरुद्ध होती हे मी स्वतःच मान्य केले असल्याने बंदीची मुदत कमी करता येणार नाही असे लिहिले. ती तशीही उद्या संपते. खुलाशाच्या सूचनेबाबत ‘पुढे पाठवली आहे’ एवढेच आहे, आणि ज्यांनी सरकारी कार्यालयात अर्ज दिलेला आहे त्यांना या तीन शब्दांचा अर्थ मी सांगण्याची गरज नाही.

प्रश्नाखाली दोन उत्तरे आली आहेत. एकात शेजारच्या काकडीचाच मुद्दा धरलेला आहे : हा विषाणू काकडीवर्गीय वेलांवर, टोमॅटो-मिरचीवर टिकतो आणि मावा तो केळीवर आणतो, म्हणून नुसती रोगट झाडे उपटून भागत नाही, बांधावरचे वेल व तण काढावे लागते आणि माव्याचा बंदोबस्त करावा लागतो. दुसरे उत्तर ज्यांनी दिले त्यांनी खाली हेही लिहिले आहे की, मूळ प्रश्न बंद करणारे नियंत्रक आपणच होतो, आणि उपटलेल्या झाडाचा पोंगा उभा चिरून त्याचे एक छायाचित्र टाकता येईल काय, अशी विचारणा केली आहे.

खाते उद्या दुपारी मोकळे होईल. सकाळी शेवटची अकरा झाडे उपटायची आहेत. त्यांतले एक चिरून फोटो काढून ठेवतो.